खुशालरावाच्या टिनावरचे तीन दगड

मु. बोरखेडी, ता. पातूर, जि. अकोला
पौष वद्य चतुर्दशी, गुरुवार

तीर्थरूप पंजाबदादांच्या पायांवर शालिग्रामाचे दोन्ही हात आणि कपाळ. सुंदरावहिनींनाही तेवढाच नमस्कार, फक्त थोडा लांबून, कारण मागच्या फोनचा राग गेला की नाही ते मला अजून कळलेलं नाही. मारुतीरायाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? डॉक्टरांनी रोज सकाळी फिरायला सांगितलं होतं, ते सुरू आहे की एकट्याला कंटाळा येतो? (सोबत कोणी असलं की माणूस नेमाने फिरतो.) वहिनींना पाकिटाच्या दुधाचा चहा अजून आवडत नाही ना? मागचं अंगण मोकळंच आहे ना? त्या कोपऱ्यातल्या जांबाच्या झाडाचा बुंधा आता चांगला जाड झाला असेल, दोर बांधला तरी हलणार नाही असा. अमरावतीला वीज किती तास असते? व्हरांड्यातला जुना पंखा फिरतो का? ही सगळी चौकशी मी आपली रीत म्हणून करतो आहे, मनात दुसरं काही आणू नका.

पत्र नबीभाईच्या हाती पाठवायचा विचार आहे, त्यांचा टेम्पो दोन दिवसांत तिकडे जाणार आहे. त्यांना ओट्यावर बसवा, चहा द्या. ते मध्येच "भाऊ, जरा बाहीर येता का" असं म्हणाले तरी पत्र पुरतं वाचल्याशिवाय उठू नका. तुम्हाला माझ्या खटल्याची हकीकत अर्धवट कळली आहे, आणि जी कळली ती वकिलाकडून, म्हणजे तीही धड नाही.

परवा मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून मारुतीच्या देवळात गेलो आणि दाराच्या कुलपाला नमस्कार करून परत आलो. देवाला करता आला नाही, कारण किल्ली माझ्याकडे नव्हती. आबा गेल्यापासून संध्याकाळचा दिवा मी लावत आलो आहे, पण भाद्रपदापासून किल्ली देवळाच्या समितीचे अध्यक्ष देवराव यांच्या करदोट्याला होती. (देवराव म्हणजे शाळेत आपल्या मागच्या बाकावरून माझ्या टोपीत पेनची शाई झाडणारा तोच. आता तो चहा मागतानासुद्धा 'समितीच्या वतीने' म्हणतो.) त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शालिक, कोर्टातून सुटून ये आन् किल्ली घेऊन जाय. शिक्षा झालेल्या मानसाच्या हातचा दिवा देवाले चालत नाई." देवाला काय चालतं ते देवाने समितीला केव्हा कळवलं ते मी विचारलं नाही. तेव्हापासून दिवा देवराव लावत होता, म्हणजे आठवण राहिली तर. कित्येक संध्याकाळी मी ओट्यावर बसून अंधाऱ्या गाभाऱ्याकडे जाळीतून पाहत राहायचो. मला तुरुंगाचं फारसं भय नव्हतं दादा, दंडाचंही नव्हतं. मला ती किल्ली पाहिजे होती. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचलंत तर मी जे केलं त्याचा राग थोडा कमी येईल.

झालं असं. भाद्रपद चतुर्थीला संध्याकाळी दिवा लावायला निघालो. देवळाबाहेरच्या हौदावर पाय धुवायला वाकलो, तर पाण्यात चंद्राची कोर! चांगली पांढरीफेक, नखाएवढी.  त्या दिवशी मोठी माय आपल्या दोघांना दिवेलागणीच्या आत घरात कोंडून वर घोंगडी टाकायची, ते आठवतं ना? चौथीचा चंद्र दिसला की माणसावर खोटा आळ येतो. खुद्द श्रीकृष्णावर मण्याच्या चोरीचा आळ आला, तिथे बोरखेडीच्या शालिग्रामाचा काय पाड? नीट खात्री करायला वर पाहावं असं वाटलं, पण पाण्यात पाहून एक दोष आणि आभाळात पाहून दुसरा, असं दुहेरी ओझं कोण घेईल? मी मान खाली घालूनच देवळात गेलो, दिवा लावला, मारुतीच्या पायांना शेंदूर लावला, आणि यावरचा उपाय आठवू लागलो.

उपाय तुम्हालाही ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या घरावर खडा टाकायचा. शेजारी बाहेर येऊन शिव्या घालतो, तेवढ्या शिव्यांमध्ये आळ फिटून जातो. यात एकच अट आहे, शेजाऱ्याला आधी सांगायचं नाही. सांगून घेतलेल्या शिव्या लागू पडत नाहीत. आता माझा शेजारी कोण, तर खुशालराव! एका भिंतीचे आम्ही दोघे, रोज सकाळी भिंतीवरून तंबाखूची देवाणघेवाण करणारे. आणि त्याची जीभ तर तालुक्यात माहीत असलेली. बैलाला वेगळ्या शिव्या, पाण्याच्या मोटरीला वेगळ्या, आणि वायरमनसाठी राखून ठेवलेल्या आणखी वेगळ्या. पहाटे त्याची मोटर सुरू झाली नाही की निम्मं गाव उठून दात घासायला लागायचं. मला वाटलं, देवाने आजार दिला तो औषध भिंतीला लावूनच दिला.

मी शेंगदाण्याएवढा खडा त्याच्या टिनावर टाकला. आतून आवाज आला, "कोन व्हय बापा?" एवढंच. मी वाट पाहिली. पुढे काही नाही. मग लिंबाएवढा दगड टाकला. टिन चांगलं वाजलं. खुशालराव म्हणाला, "या ना घरात, बाहीर काहून उभे?" आणि त्यावर पार्बतावहिनींचा आवाज, "कोनी उपाशी असन, भाकर ठेवू काय?" दादा, मला घाम फुटला. असल्या प्रेमळ बोलण्याने आळ कसा उतरणार? उलट चढतो की काय कोण जाणे. मला बापड्याला काय माहीत, की गुरुपौर्णिमेला पार्बतावहिनींनी त्याचा रक्तदाब वाढला म्हणून देवापुढे उभं करून त्याच्याकडून शिव्या सोडवून घेतल्या होत्या! त्याने लाजेखातर कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाने दारू सोडली तर गावाला कळतं. शिव्या सोडल्या तर गावाला फक्त थोडं शांत वाटतं, आणि ती शांतता पावसामुळे असेल असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या वेळी मी देवळाच्या ओट्याच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या दगडांमधला एक उचलला. (नारळाएवढा. आता सांगायला हरकत नाही.) तो टिनावर पडला, टिनाचा गंजका पत्रा आत वाकला, आणि पत्रा व दगड दोन्ही गोठ्यात गेले. गोठ्यात गाय होती.

या गाईबद्दल थोडं सांगायला पाहिजे. शेतकऱ्यांनी जीव दिले त्या वर्षी आपल्या भागात समित्या, अधिकारी आणि कॅमेरेवाले इतके यायचे, की आमच्या हिला चहाची साखर वेगळ्या डब्यात ठेवावी लागत होती. सगळे विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? आपल्याला काय वाटतं हे इतक्या लोकांना सांगितलं की मग काहीच वाटेनासं होतं. त्यातून सरकारी मदतीचं पॅकेज आलं, आणि पॅकेजमधून विदेशी वाणाच्या गाई आल्या. ज्यांच्या घरातला माणूस खरंच गेला त्या घराला गाय मिळाली नाही, त्यांचे कागद पुरे नव्हते. खुशालरावाचे पुरे होते, म्हणून त्याच्याकडे आली. गाय कसली, म्हशीएवढं धूड. तिला ओला चारा पाहिजे, सरकी ढेप पाहिजे, आणि दुपारी उन्हाची तगमग व्हायला लागली की पंखा पाहिजे. खुशालरावाने मुलीच्या लग्नात जावयाला द्यायला म्हणून आणलेला टेबलफॅन (जावयाने सायकल मागितली म्हणून उरलेला) गाईसमोर ठेवला. वीज गेली की पार्बतावहिनी सुपाने वारा घालायच्या. ती खायची दहा जनावरांचं आणि दूध द्यायची शेळीएवढं. गाव तिला 'पॅकेज' म्हणायचं, आणि तिच्या कानाला सरकारी बिल्लाही होता.

दगड पडल्याबरोबर पॅकेजने दावं तोडलं, पायात पंख्याची वायर गुंतली ती तशीच, आणि पंखा फरफटत गावातून जी सुटली ती थेट गणपतीच्या मंडपात. तिथे नुकतीच स्थापना झालेली. तिने बाप्पांपुढची दूर्वांची जुडी खाल्ली, जास्वंदीचा हार खाल्ला, खिरापत चाटली, आणि पंख्यासकट मांडी घालावी तशी बसली. आरतीला आलेल्या बायकांनी तिलाच हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून तिने होतं तेवढंही दूध बंद केलं.

एरवी हे आम्ही भिंतीवरून मिटवलं असतं. पण पॅकेजच्या गाईला काही झालं की ग्रामसेवकाने तालुक्याला कळवायचं, तालुक्याने अकोल्याला, आणि अकोल्याहून विचारणा यायची की कोणती कारवाई केली. अकोल्याहून विचारणा आल्यावर कारवाई करावीच लागते. जमादार आले, पंचनामा झाला, आणि गोठ्यात तो दगड सापडला. दगडावर शेंदराची चार बोटं, अगदी ठळक. गावात शेंदराचा हात कोणाचा असतो ते जमादारांना कोणी सांगायलाही लागलं नाही. त्यांनी खुशालरावाची फिर्याद लिहून घेतली, मला नेलं, नबीभाईंनी जामीन दिला, आणि किल्ली देवरावच्या करदोट्याला गेली.

(त्या दगडाचं पुढे काय झालं ते ऐका. मुद्देमाल म्हणून तो ठाण्यात ठेवला. दगड, त्यावर शेंदूर! पहिल्या दिवशी एका शिपायाने त्याला जाता येता हात जोडला. दुसऱ्या दिवशी कोणी तरी फूल ठेवलं. शनिवारी तेल पडलं. मी हजेरीला जायचो तेव्हा तिथे उदबत्ती लावलेली असायची, आणि मीही नमस्कार करायचो, कारण न केला तर वाईट दिसलं असतं.)

आता वकील. नबीभाईंचा पुतण्या तनवीर, अकोल्याला नुकतीच सनद मिळालेला. माझा खटला त्याचा पहिलाच, त्यामुळे त्याला तो फार आवडला होता. जाडजूड पुस्तक घेऊन तो दर रविवारी यायचा आणि एकेक बचाव काढून माझ्या अंगाला लावून पाहायचा, जसे त्याचे अब्बा दुकानात कोट लावून पाहतात. पहिला बचाव, काहीच न बोलणं. "काका, शाबित कराचं काम सरकारचं. तुमी फकत म्हना, मले गुन्हा कबूल नाई." मी म्हटलं, शपथ घेऊन खोटं कसं बोलू? तो हसला. म्हणाला, साक्षीदाराला शपथ, फिर्यादीला शपथ, आरोपीला शपथच नाही. दादा, हे ऐकून मी दोन दिवस विचारात होतो. दगड कोणी टाकला हे ज्याला सगळ्यात चांगलं माहीत, त्यालाच तेवढी मोकळीक! कायदा करणाऱ्यांनी माणूस ओळखला असावा, किंवा त्यांना आरोपीची दया आली असावी. पण कोर्ट शपथ घेवो न घेवो, मी रोज कोणापुढे दिवा लावतो ते मला तर माहीत आहे.

दुसरा बचाव, मी त्या वेळी गावात नव्हतोच. त्यासाठी तनवीरने तुम्हाला फोन केला. (मी नको म्हणत होतो, हे मारुतीला माहीत आहे.) तुम्ही माझ्यावरच्या मायेने लगेच हो म्हणालात, तिथवर ठीक होतं. पण तुम्ही थांबला नाहीत. मी अमरावतीला कोणत्या गाडीने आलो, आरतीत कसा बेसूर गायलो, जेवायला किती मोदक खाल्ले, सगळं सांगितलंत. तनवीर खूश होऊन लिहून घेत होता. तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "कोन, शालिक? तो आमच्या घरी? पोराच्या लग्नाले आला नाई, गुडघ्याचं आपरेशन झालं तवा आला नाई, तीन वर्षांत इकडून कोथिंबिरीची काडी आली नाई, आन् आता गनपतीले येऊन मोदक खाऊन गेला मने!" बचाव तिथेच संपला. पण वहिनींचं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते माझ्या मनात राहिलं आहे. त्याचं काही तरी केलं पाहिजे असं मी तेव्हापासून म्हणतो आहे.

मग वेड. दगड टाकताना मी भानावर नव्हतो असं म्हणायचं, आणि घरच्या माणसाने साक्ष द्यायची. आमची माणिकबाई चुलीजवळून म्हणाली, "वकीलसाहेब, याच्यात साक्ष कायले पाह्यजे? त्याइले उभं करा आन् दोन सवाल इचारा." तनवीरने तरी विचारलं, काकू, याआधी काही लक्षणं? तिने लग्नापासून सुरुवात केली. जेवणाची वेळ झाली, सुपाऱ्या झाल्या, ती अजून आमच्या घरातल्या मागच्या शतकापर्यंतच आली होती, तेव्हा तनवीरने पुस्तक मिटलं. त्यानंतर स्वसंरक्षण निघालं, की मी चंद्राच्या दोषापासून स्वतःला वाचवत होतो. पण हल्ला चंद्राचा आणि दगड खुशालरावाच्या घरावर, हे त्यालाच जुळेना. मग म्हणाला, हेतू नव्हता असं म्हणू. मी म्हटलं, हेतू होता ना बाबा, चांगला होता, शिव्या खायचा होता. त्याने पुस्तकात खूप शोधलं. शिव्या खाण्याच्या हेतूला कलम नाही. शेवटी ओळखीतली चूक हा एक बचाव त्याने फार हळहळत बाजूला ठेवला. "लय खूबसूरत बचाव असते काका. पाहनाऱ्याले वाटते एक, असते दुसरंच. पन शेंदराची बोटं आहेत ना, तुमाले नाई जमत."

या सगळ्यात सगळ्यात कठीण काय होतं सांगू? खुशालराव. फिर्यादीशी बोलायचं नाही अशी वकिलाची ताकीद. भिंतीपलीकडे तो खोकायचा, भिंतीअलीकडे मी खोकायचो. त्याला वाटत होतं की त्याने शिव्या सोडून चांगला माणूस व्हायचं ठरवलं आणि शेजाऱ्याने त्याच्यावर दगड टाकले. मला दगडाचं कारण सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. तंबाखू मी एकटाच मळायचो आणि सवयीने दोघांपुरती मळायचो.

मग पौष लागला आणि तनवीर नाचत आला. त्याला बचाव सापडला होता. वानरं! पातूरच्या डोंगरातली वानरं रोज देवळाच्या ओट्यावर येतात, ओट्यावर दगडांचा ढीग, हातापायाला मूर्तीचा शेंदूर लागतो, वानरं टिनावरून उड्या मारतात, दगड ढकलतात. ती बोटं माणसाचीच आहेत असं सरकारने सिद्ध करून दाखवावं. अर्धं गाव साक्ष द्यायला तयार, कारण वानरांनी प्रत्येकाचं काही ना काही पाडलेलं आहे. "संशयाचा फायदा, काका! तुमी सुटले. ऊपरवाल्यानंच सगळं जमवून ठेवलं, शेंदूर बी, बंदर बी." देवरावही म्हणाला, समितीच्या वतीने हे छान आहे. सुटल्यावर किल्ली घेऊन जा. मी हो म्हटलं. मला किल्ली दिसत होती दादा, मी हो म्हणून टाकलं.

म्हणून परवा सकाळी कुलपाला नमस्कार करताना मी देवाच्या चेहऱ्याकडे जाळीतून पाहिलं नाही. अकोल्याला कोर्टात गेलो. आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला, आणि मुद्देमालाचं गाठोडं सोडून तो दगड टेबलावर ठेवला गेला. तेल पिऊन पिऊन काळा झालेला, शेंदूर वाढलेला, एक वाळलेलं फूल चिकटलेलं. कोर्टाच्या पट्टेवाल्याने ठेवताना कपाळाला हात लावला, सरकारी वकिलांनी नकळत चष्मा काढला. आणि मी पाहतो तर आरोपीच्या पिंजऱ्यात मी, आणि समोर टेबलावर पुराव्यात बसलेला माझा मारुती! मला एकदम कळलं मी काय करायला निघालो होतो. माझ्यावर खोटा आळ येऊ नये म्हणून मी दगड टाकला. आणि आता तोच आळ मी वानरांवर, म्हणजे ज्याच्यापुढे आयुष्यभर दिवा लावला त्याच्यावर टाकणार, आणि तेही कशासाठी, तर त्याच्यापुढे दिवा लावायला मिळावा म्हणून. असा दिवा तो ठेवून घेईल का? विझवूनच टाकील, आणि शेपटीने टाकील.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तनवीरने माझ्या वतीने 'नाही'ला तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, कबूल आहे. तिन्ही दगड मीच टाकले. (त्यांना एकच माहीत होता.) तनवीर खाली वाकून पेन शोधायला लागला, आणि पेन तर त्याच्या हातातच होतं. बाई म्हणाल्या, विचार करून सांगा, कोणाचा दबाव आहे का? मी टेबलाकडे पाहून म्हणालो, आहे, पण वाईट नाही. मग त्यांनी विचारलं, टाकले कशासाठी? आणि मी हौदापासून सगळं सांगितलं. चंद्र, आळ, खुशालरावाची जीभ, भाकर ठेवू काय, सगळं. 

तेवढ्यात मागच्या बाकावरून खुशालराव उठला. त्याचं तोंड लालभडक झालं होतं. म्हणाला, "अबे बैताडा! शिव्याच पाह्यजे होत्या त मले सांगाचं ना बे! पोतं भरून देल्या असत्या!" आणि दादा, तो सुटला. गुरुपौर्णिमेपासून साठलेलं सगळं. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, कारण पत्र वहिनीही वाचतात. पण मोटरीच्या होत्या, बैलाच्या होत्या, आणि वायरमनसाठी राखून ठेवलेल्यासुद्धा त्याने माझ्यावर खर्च केल्या. शिव्या देता देता तो रडत होता आणि खाता खाता मी. पार्बतावहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. टंकलेखक बाईंनी दोन ओळी टंकल्या आणि हात मागे घेतले. न्यायाधीश बाईंनी टेबलावर हात आपटला तेव्हा तो थांबला. त्यांनी विचारलं, आरोपीला काही म्हणायचं आहे? मी म्हटलं, नाही बाई, माझा आळ फिटला.

बाईंनी बराच वेळ खाली मान घालून लिहिलं. (हसत असाव्यात, खांदे हलत होते.) मग त्यांनी मला समज देऊन सोडलं. समज अशी, की पुढच्या वर्षी चतुर्थीला संध्याकाळी घरातच बसा, आणि अंगावर दोष आला तर कोर्टात या, शेजाऱ्याकडे जाऊ नका. बाहेर येऊन मी तनवीरची माफी मागितली. तो म्हणाला, "कोनत्याच पुस्तकात नाई असं काका. पन पहिलाच खटला, आन् आरोपी घरी चालला, मले अजून काय पाह्यजे?"

देवराव मात्र अडून बसला. तू सुटला नाहीस, तुला समज मिळाली, समितीला विचार करावा लागेल. हे खुशालरावाच्या कानावर गेलं. त्याचं व्रत मोडलंच होतं. पार्बतावहिनींनी नवं व्रत येत्या मंगळवारपासून धरायचं ठरवलं होतं, म्हणजे मध्ये काही दिवस मोकळे होते. त्या मोकळ्या दिवसांत खुशालराव देवरावच्या दारात जाऊन उभा राहिला आणि फक्त बोलला. काल संध्याकाळी किल्ली माझ्या हातात होती. दिवा लावला. मारुतीचा चेहरा जसा होता तसाच होता. त्याला यातलं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

इथे थांबतो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, वहिनींना पुन्हा एकदा लांबून.

तुमचा धाकटा,
शालिग्राम

ता. क. : एक सांगायचं राहिलं. एसटीत परत येताना मी खुशालरावाला म्हटलं, गोठ्याच्या नुकसानीचं काय करू? तो म्हणाला, पत्र्याचं राहू दे. पण तुझ्या पायी तिने दूध सोडलं, आता ती तूच सांभाळ, हीच तुझी शिक्षा. तेव्हापासून पॅकेज माझ्या अंगणात आहे. पळसाचं पान पडलं तरी दचकते. माणिकबाई म्हणते, एक तर ती राहील नाही तर मी. तुमचं मागचं अंगण, जांबाचं झाड आणि व्हरांड्यातला पंखा उगीचच डोळ्यांपुढे येतात. दूध देईलच असं मी सांगत नाही, मी आता खोटं बोलत नाही. विचार करून कळवा.

ता. क. दुसरा, शनिवारी सकाळी लिहितो आहे : काल अमावस्या. संध्याकाळी एरवी वीज नसते, पण गावात कोणती तरी समिती मुक्कामाला होती म्हणून काल होती. (चतुर्थीलाही सणाची म्हणून होती.) मी पाय धुवायला हौदावर वाकलो, तर पाण्यात तीच कोर! तीच पांढरीफेक, नखाएवढी. अमावस्येला! या वेळी मी वर पाहिलं. देवरावच्या घराच्या धाब्यावर गणपतीआधी बसवलेली टीव्हीची छत्री आहे, आणि खांबावरचा दिवा लागला की तिची एक कड चमकते. तनवीरला नबीभाईंच्या फोनवरून सांगितलं. तो म्हणाला, "काका, ओळखीतली चूक! मी म्हनलं नवतं, लय खूबसूरत बचाव आहे?" खुशालरावाला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या नव्या व्रताला तीनच दिवस राहिले आहेत.

ता. क. तिसरा : रात्रभर विचार केला. तुम्ही कळवाल, मग मी कळवीन, त्यात उन्हाळा येईल, आणि तीन वर्षांत इकडून काही आलं नाही हे वहिनींचं म्हणणं तसंच राहील. म्हणून आज सकाळी तिला आंघोळ घातली, शिंगं नाहीत म्हणून गळ्यातच झेंडूची माळ घातली, आणि नबीभाईंच्या टेम्पोत चढवून दिली. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती फाटकाशी उभी आहे. नबीभाईंना आता उठू द्या, आणि तेवढं फाटक हळू उघडा. टिनाचं असेल तर फारच हळू.